डोंगर जवळ आलेत, कपडे काढ

आमच्या मागच्या अंगणातून खाडीपलीकडचे क्लेअरचे डोंगर दिसतात. मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे शहराच्या थोडं पुढे राहते. अकरा वर्षं झाली. पहिल्याच उन्हाळ्यात एकदा लख्ख ऊन पडलं म्हणून दोन बादल्या कपडे धुतले, दोरीवर घातले आणि आत जाऊन चहा ठेवला. चहाला उकळी यायच्या आत शेजारच्या आजी कुंपणापाशी उभ्या. इथे त्यांना लहान पोरंसुद्धा नावानं हाक मारतात. मला ते अजून जमलेलं नाही. त्या म्हणाल्या, "पोरी, कपडे काढ. डोंगर जवळ आलेत."

मी पाहिलं. खरंच जवळ आले होते. आदल्या दिवशी निळसर धुरकटात हरवलेल्या त्या टेकड्यांच्या चुनखडीच्या पायऱ्या आता एकेक वेगळी दिसत होती. डोक्यावर मात्र ढगाचा ठिपका नव्हता. मी मान डोलावली आणि कपडे तसेच राहू दिले. दीड तासानं ते पुन्हा पिळावे लागले.

त्या दिवसापासून मी आजींच्या खुणा वहीत उतरवते आहे. धुरांड्यातून काजळी सुटून खाली पडली की पाऊस. मांजर शेकोटीकडे पाठ करून बसलं की थंडी-वारा. पाकोळ्या जमिनीलगत उडू लागल्या, समुद्रावरचे कुरव शेतात येऊन बसले, दाराजवळच्या दगडी फरशीला घाम सुटला, टर्फच्या जाळात निळी ज्योत दिसली, तर घराबाहेरची कामं उरकून घ्यायची. (टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली काळी माती, इथली पिढ्यान्‌पिढ्यांची चूल तिच्यावर पेटली.) चंद्राभोवती कडं दिसलं की पाऊस, हे त्या सांगत होत्या तेव्हा मला माझी आजी दिसली. ती गच्चीवर उभी राहून म्हणायची, "खळं पडलंय गं चंद्राला."

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा पुण्याहून आला होता. हुशार मुलगा आहे, इंजिनियर आहे. वही चाळून म्हणाला, "मावशी, म्हणजे इथेही आपल्यासारखीच अंधश्रद्धा आहे की!" त्याच आठवड्यात त्याला घेऊन पर्यटकांच्या बाजारात गेले, तर तिथे याच गोष्टी परीच्या चिमुकल्या, खेळण्यातल्या दारांसोबत रंगीत फळ्यांवर छापून विकायला ठेवलेल्या. प्राचीन ज्ञान म्हणून. एकानं सगळं एका पोत्यात भरून कचऱ्यात टाकलं, दुसऱ्यानं तेच पोतं देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. पोत्याची गाठ सोडून आत काय आहे ते बघायचे कष्ट दोघांनीही घेतले नाहीत. मला वाटतं, लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या खुणा आणि शकुन यांचं समाजानं, शाळेनं, सरकारनं करायचं काय, या प्रश्नावर आपण इथेच अडकून पडलो आहोत. आणि या प्रश्नाला आयर्लंडनं एके काळी फार चांगलं उत्तर दिलं होतं.

१९३५ साली आयरिश सरकारनं लोकसाहित्य आयोग नेमला. शेमस ओ डुलार्गा त्याचे प्रमुख. देश स्वतंत्र होऊन जेमतेम तेरा वर्षं झालेली, तिजोरीत फारसा पैसा नाही, आयरिश भाषा बोलणारी म्हातारी पिढी डोळ्यांदेखत संपत चाललेली. गावोगाव फिरायला आयोगाकडे माणसं तरी किती असणार! मग १९३७ मध्ये त्यांनी प्राथमिक शाळांना हाताशी धरलं. त्या वेळच्या सव्वीस परगण्यांतल्या सुमारे पाच हजार शाळांमधली, साधारण अकरा ते चौदा वर्षांची मुलं या कामाला लागली. गुरुजींनी विषय द्यायचा. मुलांनी घरी जाऊन आजोबांना, आजीला, शेजारच्या म्हाताऱ्याला विचारायचं आणि निबंधाच्या तासाला ते वहीत लिहायचं. त्यातलं निवडक एका मोठ्या सरकारी वहीत सुवाच्य उतरवून काढायचं. विषयांमध्ये हवामानाच्या खुणाही होत्या. १९३९ पर्यंत हे काम चाललं आणि सगळं मिळून सुमारे ७,४०,००० पानं जमली. आज ती डब्लिनच्या विद्यापीठात आहेत, बरीचशी इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात, आणि आयोगाचा हा सगळा संग्रह २०१७ मध्ये युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या यादीत गेला.

मी ती पानं रात्री-रात्री वाचली आहेत. टाकाच्या अक्षरात, मध्येच शाईचा डाग, खाली सांगणाऱ्याचं नाव, गाव, बहुतेक वेळा वयही. सगळ्यात जास्त भावलं ते हे, की तिथे गाळणी लावलेली नाही. पाकोळीची खूण आहे, तिच्या पाठोपाठ चामखीळ घालवायचा उपाय आहे, मे महिन्याच्या पहिल्या दिवशी शेजाऱ्याला विस्तव किंवा दूध का द्यायचं नाही तेही आहे. हे विज्ञानात बसतं का, हे देशाला शोभतं का, असं मुलांना कोणी विचारलं नाही. कोणी सांगितलं, ते मात्र विचारलं. आधी लिहून घ्या, पारख नंतर करता येईल, असा हा साधा शहाणपणा.

आता पारख. पोतं सोडलं की आत निदान तीन वेगळ्या गोष्टी सापडतात, आणि त्यांना एकच नाव दिल्यामुळे आपला सगळा घोळ होतो.

पहिली खूण. आयर्लंडचं हवामान बहुतांशी अटलांटिकवरून, पश्चिम आणि नैऋत्येकडून येतं. पावसाची आघाडी पोचण्याच्या बऱ्याच आधी खूप उंचावर बर्फकणांच्या ढगांचा पातळ पडदा पसरतो. चंद्रप्रकाश त्यातून वळतो आणि खळं दिसतं. म्हणजे खळं हा येणाऱ्या पावसाचा पुढे धावणारा निरोप्या. दोन सरींच्या मधली समुद्रावरची हवा धुऊन निघालेली असते, धूळ-धूर नसतो, म्हणून डोंगर जवळ दिसतात. पुढची सर वाटेवरच असते. काजळी दमट हवेत पाणी धरते, जड होते, गळते. थंड फरशीवर ओलसर हवेचं पाणी सुटतं. दमट, अस्थिर हवेत किडे खाली उतरतात आणि पाकोळ्या आपल्या जेवणामागे जातात. आजींनी यातलं एकही स्पष्टीकरण कधी दिलं नाही, आणि त्याची त्यांना गरजही पडली नाही. गवत कापून वाळत घातलं असेल तर ते संध्याकाळच्या आत गोळा करायचं की नाही, एवढंच त्यांच्या वडिलांना ठरवायचं असायचं. त्यासाठी काजळी पुरेशी होती.

अशा खुणा एका जागेच्या असतात. राखी बगळा अमुक बाजूला गेला की ऊन, तमुक बाजूला गेला की पाऊस, हे आमच्याकडे सांगतात. पण दोन खोरी ओलांडली की दिशा बदललेली असते, कारण तिथली नदी वेगळ्या अंगानं वाहते. संध्याकाळी आभाळ तांबडं झालं तर उद्या उघडीप, ही युरोपभर ऐकू येणारी खूण जिथे हवामान पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतं तिथे बऱ्यापैकी चालते. आपल्याकडे पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडून पश्चिमेकडे येतात. तिथे ही खूण तशीच लावणारा फसेल. म्हणूनच फोनवर फिरणारे 'पूर्वजांचे हवामानशास्त्र' असले संदेश मला नकोसे वाटतात. गाव काढून टाकलं की खुणेतलं ज्ञान निघून जातं, नुसतं वाक्य उरतं.

आणि काही खुणा सरळ चुकीच्या असतात. १५ जुलैला, संत स्विदिनच्या दिवशी, पाऊस पडला तर पुढचे चाळीस दिवस पडणार, असं इथेही म्हणतात. नोंदींत ते टिकत नाही. झुडपांना फळं लगडली की कडक हिवाळा येणार, असं म्हणतात. पण फळं झाडाच्या मागच्या वसंताचा हिशोब सांगतात, झाडाला पुढचं काही कळत नसतं. डोंगरातल्या एखाद्या जाणत्याचं हिवाळ्याचं भाकीत खरं ठरलं की वर्तमानपत्रात फोटो छापतात. चुकलेल्या भाकितांची बातमी होत नाही. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर माझ्यात आणि त्या परीचं दार विकणाऱ्यात फरक काय राहिला?

तरीही चुकलेल्या खुणेत कधी कधी वेगळं शहाणपण दडलेलं असतं. इथे एप्रिलच्या सुरुवातीच्या दिवसांना 'पट्टेरी गाईचे दिवस' म्हणतात. गोष्ट अशी: एक म्हातारी गाय मार्च सरताना फुशारली, की बघ, तू मला मारू शकला नाहीस. मार्चला राग आला. त्यानं एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले, असा काही गारठा सोडला की गाय मेली, आणि तिचं कातडंही काढून नेलं. दर वर्षी त्याच तीन दिवसांत थंडी परतते असं मुळीच नाही. पण गुरं राखणाऱ्याला या गोष्टीनं जे सांगायचं ते नेमकं सांगितलं आहे: वसंत आला असं वाटून गवताची शेवटची गंजी सोडू नकोस. २०१३ च्या थंड वसंतात इथे गवत वाढलंच नाही, चारा संपला आणि परदेशातून गवताचे भारे आणावे लागले. २०१८ मध्ये पुन्हा तसंच झालं. त्या दिवसांत आजी मला म्हणाल्या, "गाईची गोष्ट विसरले लोक." मला त्यात हवामानाचं भाकीत दिसत नाही, गोठ्याचं अंदाजपत्रक दिसतं.

पोत्यातली दुसरी गोष्ट शकुनाची, आणि इथे माझा सूर बदलतो.

पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी सकाळी होडीकडे निघाले आणि वाटेत लाल केसांची बाई भेटली, तर माघारी फिरत. बाजाराला निघालेले शेतकरीही फिरत. शाळकरी मुलांच्या त्या वह्यांमध्ये हे जागोजागी लिहिलेलं आहे, पाकोळीइतक्याच सहज. मी एकदा आजींना गंमत म्हणून याबद्दल विचारलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईचे केस लाल होते." बाजाराच्या दिवशी त्यांची आई रस्त्यानं जात नसे. पहाटे दूध घालायला निघाली तरी मागच्या शेतातून, दगडी कुंपणं ओलांडत, ओल्या गवतातून जायची. पुरुष निघून गेले की रस्त्यावर यायची. कोणी तिला कधी वाकडा शब्द बोललं नव्हतं. बोलायची वेळच तिनं येऊ दिली नाही. आजींनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता; त्यांनी तो खाली ठेवला आणि उठून चुलीतली राख सारखी केली. सारखी करण्यासारखं तिथे काही नव्हतं.

पाकोळी खाली उडाली म्हणून पाकोळीचं काही जात नाही. लाल केसांच्या बाईचं मात्र रोजचं जाणं-येणं जातं. पावसाची खूण चुकली तर कपडे भिजतात. शकुन चुकला तर कोणाला कळतही नाही, कारण कोळी माघारी फिरलेला असतो आणि त्याला खोटं पाडायला समुद्रात कोणी गेलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक समजुतीला मी दोन प्रश्न विचारते. ही खोटी ठरू शकते का? आणि खोटी असताना चालू राहिली, तर किंमत कोण मोजतं?

इथल्या भाषेत 'पिशोग' असा एक शब्द आहे. त्यात साधा अपशकुनही येतो आणि करणीसुद्धा. शेतात गवताच्या गंजीत कोणी ठेवलेली अंडी सापडली की शेजाऱ्यानं आपलं दूध-लोणी पळवायला करणी केली असं धरायचे. गाय आटली की वैद्याआधी शेजारणीचं तोंड आठवायचं. या वाटेनं चालत गेलं की शेवट कुठे होतो, ते टिपररी परगण्यातल्या एका घरात १८९५ च्या मार्चमध्ये दिसलं. ब्रिजिट क्लिअरी सव्वीस वर्षांची होती. शिवणकाम करायची, घरात शिलाई मशीन होतं, कोंबड्या पाळून स्वतःचे पैसे मिळवायची. ती आजारी पडली. डॉक्टर येऊन गेले, धर्मगुरूही येऊन गेले. पण नवऱ्याच्या, मायकलच्या, मनानं घेतलं की ही आपली बायको नव्हेच. पऱ्यांनी तिला पळवून तिच्या जागी दुसरीच कोणी ठेवली आहे. घरात तिचे वडील होते, चुलत भावंडं होती. सगळ्यांच्या देखत तिला जबरदस्तीनं काढे पाजले, विस्तवापाशी धरलं, आणि शेवटी नवऱ्यानं तिला जाळलं. त्याला सदोष मनुष्यवधासाठी वीस वर्षांची शिक्षा झाली. तिच्याबद्दल वाचलं की मला दर वेळी ते शिलाई मशीन आठवतं. गावात स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई 'आपल्यातली' वाटत नाही, हे परीच्या गोष्टीनं सोपं करून ठेवलं.

त्या प्रकरणाचा आणखी एक वापर झाला, आणि तोही विसरू नये. आयर्लंडला स्वराज्य देऊ नये असं म्हणणाऱ्यांनी हेच बोट दाखवून म्हटलं, बघा, हे लोक राज्य करण्याच्या लायकीचे आहेत का? एका घरातला गुन्हा अख्ख्या लोकांच्या कपाळावर गोंदला गेला. 'अंधश्रद्धाळू' हा शब्द सत्ता असलेल्यांच्या हातात कसा फिरतो, हे आपल्यालाही नवीन नाही. म्हणून तो शब्द मी जपून वापरते. पण जपून वापरायचा म्हणजे ब्रिजिटबद्दल मऊ बोलायचं, असा अर्थ मी लावत नाही.

महाराष्ट्राशी याचं नातं जोडायला मला ओढाताण करावी लागत नाही. विधवा समोर आली तर काम होत नाही, हे आपल्या घराघरांत मानलं गेलं. तीही कार्याच्या दिवशी मागच्या दारानंच गेली. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं राज्यभरच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. त्याआधी २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावर, जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याची मला पटणारी गोष्ट ही, की तो मनातल्या श्रद्धेच्या मागे लागत नाही. माणसाला इजा करणारी, लुबाडणारी कृत्यं नावानिशी सांगतो आणि त्यांना गुन्हा म्हणतो. किंमत कोण मोजतं, हाच प्रश्न तिथेही आहे.

तिसरी गोष्ट या दोन्हींहून निराळी. माळावर एकटंच उभं असलेलं हॉथॉर्नचं काटेरी झाड तोडायचं नाही, ते पऱ्यांचं. शेतातला जुना गोल मातीचा कोट नांगरायचा नाही, तोही त्यांचाच. हे कोट खरं तर हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्त्या आहेत, आणि आजही देशात त्यांच्या खुणा हजारोंनी सापडतात. पुरातत्त्व खातं जन्माला यायच्या आधी त्यांना कोणी राखलं? भीतीनं राखलं. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटूनजवळ मोठा रस्ता होणार होता आणि वाटेत असं एक झाड होतं. एडी लेनिहान या कथेकऱ्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, बोभाटा झाला, आणि रस्ता झाडाला वळसा घालून गेला. लोक हसले. पण मी त्या रस्त्यानं जाते तेव्हा मला आपल्या सह्याद्रीतल्या देवराया आठवतात. इथे समजूत माणसाचा स्वतःचा हात आवरते. दुसऱ्या कोणाला वाट सोडायला लावत नाही. परी नसेलही. झाड आहे. माझ्या दुसऱ्या प्रश्नाला इथे उत्तर मिळतं: किंमत रस्त्याच्या कंत्राटानं मोजली, आणि तेवढी परवडण्यासारखी होती.

आता मला नेहमी विचारला जाणारा आक्षेप. शाळेत अशा गोष्टी गोळा करायला लावल्या तर मुलं त्या खऱ्या मानतील, आणि वादळ येईल तेव्हा सरकारी इशारा सोडून काजळीकडे बघत बसतील. आक्षेप हलका नाही. २८ ऑक्टोबर १९२७ च्या संध्याकाळी याच किनाऱ्यावर समुद्र शांत होता. क्लेगन, इनिशबॉफिन, इनिशकी इथल्या होड्या मासेमारीला गेल्या आणि अंधारात अचानक वादळ कोसळलं. एका रात्रीत पंचेचाळीस कोळी बुडाले. त्या माणसांइतकं आभाळ वाचणारं कोणी नव्हतं. खुणेची पोच काही तासांची आणि एका खोऱ्याची. तिच्या पलीकडचं तिला दिसत नाही.

पण मेयो परगण्यातल्या ब्लॅकसॉडला काय घडलं तेही पाहा. जून १९४४ मध्ये तिथल्या टपाल कचेरीत मॉरीन फ्लॅविन नावाची मुलगी नोकरीला होती. हवेच्या दाबाचं यंत्र तासातासाला बघून आकडे पाठवायचे, हेही तिचं काम. ३ जूनला तिचा एकविसावा वाढदिवस होता. दाब भराभर उतरत होता. तिनं तो लिहिला, पाठवला. पलीकडून फोन आला, आकडे पुन्हा तपासा. तिनं आणि दीपगृहाचे रखवालदार टेड स्वीनी यांनी पुन्हा तपासले. ते बरोबरच होते. दुसऱ्या महायुद्धातला दोस्त राष्ट्रांचा फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचा हल्ला ५ जूनवरून ६ जूनवर गेला त्यामागे या नोंदी होत्या, हे तिला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. पश्चिम क्षितिजाकडे बघत राहायचं, पाहिलेलं जसंच्या तसं सांगायचं, आणि कोणी शंका घेतली तर पुन्हा जाऊन बघायचं. मॉरीनच्या आणि आजींच्या कामातला फरक यंत्राचा आहे आणि वहीचा आहे. वही मुलांच्या हातात आपण आजच देऊ शकतो.

शिवाय आजी स्वतः काय करतात? २०२५ च्या जानेवारीत एओविन वादळाचा लाल इशारा देशभर लागला. आदल्या संध्याकाळी आजी शांतपणे रेडिओपाशी बसल्या, कोंबड्या आत घेतल्या, टर्फची टोपली भरून ठेवली. पहाटे मेस हेडला ताशी १८३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला, या देशातला आजवरचा सर्वांत जोरदार; १९४५ चा १८२ चा उच्चांक मोडला. साडेसात लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. आमच्याकडे ती सहा दिवस आली नाही. नंतर मी विचारलं, "तुम्हाला आधी काही खूण दिसली होती का?" त्या म्हणाल्या, "दिसली असती तरी मी रेडिओच ऐकला असता." चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला खुणेची मर्यादा कळते. मग अकरा वर्षांच्या मुलाला ती शिकवता येणार नाही, हे मी का मानावं?

उलट, मला भीती वाटते ती न शिकवण्याची. पुण्यात माझ्या इंग्रजी शाळेत आम्ही रोज सकाळी साळुंक्या मोजायचो. एक दिसली तर दुःख, दोन दिसल्या तर आनंद. इंग्रजी गाण्यातला मॅगपाय आमच्याकडे नव्हता म्हणून ते गाणं आम्ही साळुंकीला लावलं. परीक्षेच्या दिवशी एकच साळुंकी दिसली की दुसरी सापडेपर्यंत मैत्रिणी वर्गात पाऊल टाकत नसत. कोणा बाईंनी आम्हाला सांगितलं नाही की आठ दिवस वहीत लिहा, किती दिसल्या आणि दिवस कसा गेला. आठ दिवसांत तो शकुन आपोआप गळून पडला असता, आणि आकडे मांडायचे कशासाठी हेही कळलं असतं. आम्हाला नुसतं "मूर्खपणा आहे" म्हणून सांगितलं गेलं. त्यामुळे आम्ही साळुंक्या चोरून मोजायला लागलो.

महाराष्ट्राला हे काम नवखं नाही. सरोजिनी बाबरांच्या लोकसाहित्य समितीनं गावोगावचं मौखिक धन छापून ठेवलं. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या बायकांच्या तोंडून, नावा-गावासकट टिपल्या. पण ते मोठ्यांनी केलेलं काम. मला जिल्हा परिषदेच्या सातवीतल्या मुलानं केलेलं हवं आहे, आणि ते लवकर हवं आहे. पावशाची 'पेर्ते व्हा' ही हाक कोणत्या पंधरवड्यात ऐकू यायची, टिटवीनं अंडी कुठे घातली की पाऊस कसा मानायचे, मृगाचे किडे आता दिसतात का, हे सांगू शकणारे लोक आज ऐंशीच्या पुढे आहेत. पाऊस आपली वेळ बदलतो आहे. खूण जुळेनाशी झाली तर तीही नोंद मोलाची, कारण काय बदललं ते सांगायला त्या शिवारापुरता दुसरा साक्षीदार क्वचितच असतो.

यासाठी मोठा निधी लागत नाही. एक वही, चार रकाने: खूण काय, कोणी आणि कुठल्या गावात सांगितली, कोणत्या तारखेला दिसली, नंतर खरोखर काय झालं. चौथा रकाना १९३७ च्या वह्यांत नव्हता. तो आपण आखू. आणि शिक्षकांनी कशालाही काट मारू नये, कितीही वाईट वाटलं तरी. लाल केसांच्या बाईची गोष्ट कोणीतरी लिहून ठेवली म्हणून मी आजींना ती विचारू शकले. नाहीतर त्यांची आई ओल्या गवतातून जात होती हे त्यांच्या मुलांनाही ठाऊक नव्हतं.

मुलांना द्यायच्या प्रश्नांची यादी मी करते आहे. वारा, ढग, पक्षी, किडे, चूल, जनावरं असे बावीस प्रश्न झालेत. तेविसावा मी वेगळ्या ओळीवर लिहिला आहे, आणि तो मुलांनी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला, आसपास कोणी नसताना विचारावा असं शेजारी नमूद केलं आहे: आजी, तुला कधी कोणाची वाट सोडून मागच्या दारानं जावं लागलं होतं का?